पापणी किंवा भुवई खाली उतरली आहे? शस्त्रक्रियेचे पर्याय आणि योग्य वेळ

‘डॉक्टर, सकाळी डोळे चांगले उघडतात, पण संध्याकाळ झाली की पापण्या आपोआप मिटायला लागतात.’

‘मुलीचा एक डोळा लहानपणापासून अर्धाच उघडतो. आता स्थळं बघायची आहेत, तेवढी पापणी वर करून द्या.’

‘वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चष्माही आहे, तरी समोरच्या माणसाकडे बघायला त्यांना मान मागे टाकावी लागते.’

बीड जिल्ह्यात नेत्रतपासणी करताना या तीनही तक्रारी ऐकायला मिळतात. ऐकताना तिन्ही सारख्याच वाटतात, कारण तिन्ही ठिकाणी पापणी खाली आलेली आहे. पण पहिल्या रुग्णाला कदाचित शस्त्रक्रिया लागणारच नाही. दुसऱ्या मुलीची शस्त्रक्रिया बरीच आधी व्हायला हवी होती. तिसऱ्या आजोबांचा दोष पापणीत आहे, तिच्यावरच्या कातडीत आहे की भुवईत, हे मोजून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून ‘कोणतं ऑपरेशन चांगलं?’ या प्रश्नाआधी ‘पापणी का उतरली?’ हा प्रश्न विचारायला हवा.

पापणी वर कशी राहते?

वरची पापणी उचलण्याचे मुख्य काम ‘लिव्हेटर’ नावाचा स्नायू करतो. हा स्नायू डोळ्याच्या खोबणीत मागून पुढे येतो आणि पुढे एका पातळ, चिवट पडद्याने पापणीला जोडलेला असतो. त्याच्या खाली ‘मुलर’ नावाचा छोटा स्नायू असतो. तो पापणी आणखी एक-दोन मिलिमीटर वर धरतो. कपाळाचा स्नायू भुवई उचलतो. पापणी कमी पडू लागली की हाच स्नायू मदतीला धावतो. त्यामुळे पापणी उतरलेल्या माणसाच्या कपाळावर नेहमी आठ्या दिसतात आणि दिवस संपता संपता कपाळ दुखते.

निरोगी डोळ्यात वरची पापणी बुबुळाचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते. बाहुलीच्या मध्यापासून पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर साधारण ४ ते ५ मिलिमीटर असते. हे अंतर कमी झाले की त्याला ‘टोसिस’ म्हणतात.

आधी हे पाहा: अचानक उतरलेली पापणी

महिनोन्महिने हळूहळू उतरलेली पापणी आणि काल-आजमध्ये अचानक उतरलेली पापणी यांत फार मोठा फरक आहे. अचानक उतरलेल्या पापणीसाठी शस्त्रक्रियेची चौकशी करत बसू नका. आधी रुग्णालय गाठा.

• साप चावल्याची शक्यता: मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश फारसा दुखत नाही, कधी कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते आणि दोन्ही पापण्या जड होऊन मिटायला लागतात. नागाच्या विषानेही पापण्या उतरतात. पुढे गिळता येत नाही आणि श्वास बंद पडू शकतो. शेतातल्या वस्तीवर किंवा ऊसतोडीच्या कोपीत झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी उघडत नसतील, तर ‘झोप झाली नसेल’ असे समजू नका. चिरा देणे, रक्त ओढणे, घट्ट बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि सर्पदंशावरची लस व श्वासाचे यंत्र असलेल्या रुग्णालयात न्या.

• डोकेदुखी आणि दुहेरी दिसणे: एक पापणी अचानक पडली, डोके जोरात दुखते, एकाचे दोन दिसतात किंवा त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली आहे, तर मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली असू शकते. ही तातडीची वेळ आहे. मधुमेहातही डोळ्याची नस कमजोर होऊन पापणी पडते. ती बऱ्याचदा तीनेक महिन्यांत आपोआप सुधारते. पण दोन्हींतला फरक डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.

• चेहरा वाकडा होणे: ‘चेहऱ्यावरून वारं गेलं’ असे आपण म्हणतो तेव्हा भुवई खाली येते, तोंड एका बाजूला ओढले जाते आणि डोळा नीट मिटत नाही. हात-पाय लुळे पडले असतील किंवा बोलणे अडखळत असेल तर तो लकवा असू शकतो, लगेच रुग्णालयात जा. फक्त चेहऱ्याची नस सुजली असेल तर पहिल्या ३ दिवसांत सुरू केलेल्या औषधांचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

• दिवसभरात वाढत जाणे: सकाळी ठीक, संध्याकाळी पापणी खाली, सोबत गिळायला त्रास, आवाज नाकातून येणे किंवा एकाचे दोन दिसणे, ही ‘मायस्थेनिया’ या आजाराची लक्षणे असू शकतात. पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवल्यावर ती वर येते का, हे डॉक्टर पाहतात आणि रक्ताच्या तपासण्या सांगतात. यावर औषधे आहेत. आधी औषधांनी आजार आटोक्यात आणावा लागतो. आजार न ओळखता पापणी शिवली, तर शस्त्रक्रिया वाया जाते. वरचा पहिला रुग्ण याच गटातला असू शकतो.

लहान मुलांमध्ये वाट पाहू नका

काही बाळांमध्ये लिव्हेटर स्नायू जन्मतःच नीट बनलेला नसतो. बाळ अर्ध्या डोळ्याने पाहते, थोडे मोठे झाले की हनुवटी वर करून पाहते. काही बाळांची पापणी दूध पिताना किंवा चावताना वर-खाली उडते. जबड्याच्या आणि पापणीच्या नसांची जोडणी चुकल्याने असे होते. ग्रहण पाळले नाही, गरोदरपणात अमुक खाल्ले, अशा कारणांनी हे होत नाही. यात आईचा काहीही दोष नसतो.

खरा धोका दिसण्याचा नाही, नजरेचा आहे. बाळाचा मेंदू पहिल्या काही वर्षांत ‘पाहायला’ शिकतो. पापणीने बाहुली झाकली, किंवा पापणीच्या दाबाने डोळ्यात तिरका नंबर तयार झाला, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. लहानपणीच चष्मा दिला, चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक वेळ पट्टी लावली आणि गरजेनुसार पापणी उचलली, तर नजर वाचते. वय वाढत जाते तशी ही संधी कमी होत जाते. अठराव्या-विसाव्या वर्षी लग्नासाठी म्हणून पापणी उचलली, तर चेहरा चांगला दिसेल, पण आळशी झालेल्या डोळ्याची नजर बहुतेक वेळा परत येत नाही.

म्हणून पापणी उतरलेल्या प्रत्येक बाळाची नेत्रतपासणी लगेच करावी, आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी ठरावीक काळाने. बाहुली झाकली जात असेल तर शस्त्रक्रिया अगदी लवकर, गरज पडल्यास पहिल्या वर्षातही करतात. बाहुली मोकळी असेल आणि नजर चांगली वाढत असेल, तर साधारण ३ ते ५ वर्षांपर्यंत थांबता येते. तेव्हा मोजमापे नीट घेता येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येते. त्या दिवशी पापणीचा दोष पथकाला आवर्जून दाखवा.

मोठ्यांमध्ये दोष कुठे आहे?

वय वाढल्यावर तीन गोष्टी वेगवेगळ्या किंवा एकत्र घडतात.

१. पापणीच खाली येते. लिव्हेटर स्नायू चांगला असतो, पण त्याला पापणीशी जोडणारा पडदा ताणला जातो किंवा सुटतो. सतत डोळे चोळणे, अनेक वर्षे कॉन्टॅक्ट लेन्स वापरणे, आधी झालेली डोळ्याची शस्त्रक्रिया ही त्याची कारणे असू शकतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पापणी थोडी उतरलेली दिसते ती बऱ्याचदा यामुळेच.

२. पापणीवरची कातडी सैल होते. पापणीची कड जागेवर असते, पण जादा कातडी पदरासारखी पापणीच्या केसांवर लोंबते.

३. भुवई घसरते. वयाने, किंवा चेहऱ्याची नस गेल्याने, भुवई हाडाच्या कडेखाली येते आणि सगळी कातडी डोळ्यावर ढकलते.

घरी एक सोपी गोष्ट करून पाहा. आरशासमोर बसा, कपाळ सैल सोडा आणि भुवई बोटाने हलकेच हाडाच्या कडेपर्यंत उचला. कातडीचा पदर नाहीसा झाला तर मुख्य दोष भुवईचा. पदर तसाच राहिला तर दोष कातडीचा. पदर बाजूला धरूनही पापणीची कड बाहुलीवर येत असेल तर दोष पापणीच्या स्नायूचा. यावरून निदान पक्के होत नाही, पण डॉक्टरांशी बोलायला मदत होते. जाताना लग्नातला किंवा आधार कार्डावरचा जुना फोटो सोबत न्या. पापणी कधीपासून उतरली हे त्यावरून कळते.

डॉक्टर भुवई अंगठ्याने दाबून धरतात आणि तुम्हाला खाली व मग वर पाहायला सांगतात. पापणी किती मिलिमीटर सरकते यावर लिव्हेटरची ताकद कळते. १२ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे चांगली, ४ किंवा कमी म्हणजे फारच कमजोर. शस्त्रक्रियेची निवड मुख्यतः या एका आकड्यावर ठरते. डोळ्यातला ओलावा, डोळा पूर्ण मिटतो का आणि मिटताना बुबुळ वर जाते का, हेही पाहिले जाते.

पापणी उचलण्याच्या शस्त्रक्रिया

लिव्हेटर घट्ट करणे. स्नायूत बऱ्यापैकी ताकद असेल तर ही पद्धत वापरतात. पापणीच्या नैसर्गिक घडीत चिरा देऊन सुटलेला पडदा पुन्हा जागेवर शिवतात किंवा स्नायू थोडा आखूड करतात. मोठ्यांमध्ये जागेवर भूल देऊन हे करतात. मध्येच तुम्हाला डोळे उघडायला, कधी उठून बसायला सांगतात आणि दोन्ही पापण्यांची उंची जुळवतात. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. व्रण घडीत लपतो.

आतून मुलर स्नायू आखूड करणे. पापणी थोडीच उतरलेली असेल आणि फिनाइलएफ्रिनचा थेंब टाकल्यावर पाच-दहा मिनिटांत ती वर येत असेल, तर ही पद्धत चालते. पापणी उलटवून आतल्या बाजूने शिवतात, बाहेर व्रण दिसत नाही. जन्मजात कमजोर स्नायूला ही पद्धत उपयोगी नाही.

कपाळाच्या स्नायूला टांगणे, म्हणजे फ्रंटॅलिस स्लिंग. लिव्हेटरची ताकद ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर तो कितीही घट्ट केला तरी काम करत नाही. मग पापणी एका पट्टीने कपाळाच्या स्नायूला जोडतात. रुग्ण भुवई उचलून डोळा उघडतो. पट्टी सिलिकॉनची असते किंवा रुग्णाच्याच मांडीतला चिवट पडदा काढून बनवतात. सिलिकॉन लहान बाळातही चालते आणि नंतर सैल-घट्ट करता येते, पण काही वर्षांनी ढिले पडू शकते. मांडीचा पडदा जास्त टिकतो, पण त्यासाठी मूल तीन-चार वर्षांचे असावे लागते आणि मांडीवर व्रण येतो. मुलांना पूर्ण भूल द्यावी लागते.

स्लिंगनंतर मूल झोपेत डोळा थोडा उघडा ठेवते आणि खाली पाहताना ती पापणी थोडी वर राहते. हे अपेक्षितच असते. म्हणून रात्री मलम घालणे बरेच दिवस चुकवायचे नाही. नाहीतर बुबुळ कोरडे पडून जखम होते.

एका डोळ्याची पापणी उचलल्यावर कधी कधी दुसरी पापणी खाली येते, कारण मेंदू दोन्ही पापण्यांना सारखाच जोर पाठवतो. अनुभवी डॉक्टर याची शक्यता आधीच तपासून सांगतात.

जादा कातडी काढणे: ब्लेफरोप्लास्टी

मोजून-आखून जादा कातडी आणि गरज असेल तर थोडी चरबी काढतात. भुवईपासून पापणीच्या केसांपर्यंत साधारण २० मिलिमीटर कातडी शिल्लक ठेवावी लागते, नाहीतर डोळा मिटत नाही. त्यामुळे ‘अजून थोडी काढा, तरुण दिसेन’ हा आग्रह धरू नका. पापणीचा स्नायूही सैल असेल तर त्याच चिऱ्यातून तोही घट्ट करता येतो.

भुवई उचलण्याच्या शस्त्रक्रिया

दोष भुवईचा असताना नुसती कातडी काढली, तर भुवई आणखी खाली ओढली जाते. म्हणून भुवईचा विचार आधी.

• भुवईच्या अगदी वरून: भुवईच्या केसांलगत कातडीची चकती काढून भुवई वर शिवतात. जागेवर भूल पुरते आणि भुवई चांगली उचलली जाते. व्रण दिसू शकतो. वयस्कर, दाट भुवया असलेल्या पुरुषांना आणि चेहऱ्याची नस कायमची गेलेल्यांना ही पद्धत जास्त सोयीची.

• कपाळावरच्या आठीतून: कपाळावर खोल आठ्या असतील तर चिरा त्यातच लपवतात.

• कानशिलाजवळच्या केसांतून: भुवईचे फक्त बाहेरचे टोक उतरले असेल तर. व्रण केसांत जातो.

• दुर्बिणीतून: डोक्याच्या केसांत काही छोटे चिरे देऊन कपाळ मोकळे करतात आणि वर बांधतात. मोठा व्रण येत नाही, पण साधने आणि प्रशिक्षण लागते. खर्चही जास्त असतो.

• पापणीच्या चिऱ्यातून: कातडी काढतानाच भुवई आतून हाडाच्या आवरणाला टाक्याने बांधतात. एक-दोन मिलिमीटरचाच फरक पडतो.

काही पद्धतींनंतर कपाळावर किंवा डोक्यावर बधिरपणा येतो, तो बहुधा हळूहळू कमी होतो. चेहऱ्याची नस नुकतीच गेली असेल तर घाई नको. बऱ्याच रुग्णांत ती काही महिन्यांत सुधारते. तोपर्यंत डोळ्याला थेंब, मलम आणि झोपताना पट्टी लावून जपावे.

शस्त्रक्रियेआधी आणि नंतर

• रक्तदाब, साखर, दमा, ॲलर्जी आणि सुरू असलेल्या सर्व गोळ्या सांगा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मिळून ते ठरवतात.
• तंबाखू आणि विडी बंद ठेवा. त्यांनी जखम भरायला वेळ लागतो.
• पहिले दोन दिवस थंड शेक द्या, डोके उंच ठेवून झोपा. जड वजन उचलणे आणि वाकून कामे करणे दोन आठवडे टाळा.
• टाके साधारण ५ ते ८ दिवसांत काढतात. सूज आणि निळेपणा दोन आठवड्यांत बराच उतरतो. पापणीची खरी उंची दोन-तीन महिन्यांनी कळते.
• पापणी कमी किंवा जास्त उचलली जाणे, दोन डोळ्यांत थोडा फरक राहणे, कोरडेपणा, जंतुसंसर्ग हे धोके असतात. काही रुग्णांत दुसऱ्यांदा दुरुस्ती करावी लागते.
• डोळ्यात असह्य वेदना, डोळा बाहेर आल्यासारखा वाटणे, वाढत जाणारी सूज किंवा कमी दिसणे असे झाले तर रात्र असली तरी लगेच रुग्णालयात जा. डोळ्यामागे रक्त साचले असेल तर थोड्या वेळातच नजर जाऊ शकते. असे क्वचित होते, पण थांबणे परवडत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांसाठी एक विशेष सूचना. दिवाळीच्या सुमाराला कारखान्याकडे निघायचे असेल तर त्याच्या आदल्या आठवड्यात मुलाची शस्त्रक्रिया ठरवू नका. फडातली धूळ, पाचट, ऊन आणि दूर गेलेले रुग्णालय यामुळे मलम आणि तपासण्या राहून जातात. हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात शस्त्रक्रिया केली तर तपासण्यांसाठी पुरेसा वेळ मिळतो. मात्र डॉक्टरांनी ‘बाहुली झाकली आहे, थांबू नका’ असे सांगितले असेल, तर हंगामाची वाट पाहू नका. मुलाला आजी-आजोबांजवळ ठेवून तपासण्या पूर्ण करा.

कुठे जावे?

पहिली तपासणी बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात करता येते. गरज पडल्यास छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, पुण्याचे ससून किंवा मुंबईचे सर जे. जे. रुग्णालय येथे पाठवले जाते. पापण्यांच्या शस्त्रक्रियांचे खास प्रशिक्षण घेतलेल्या नेत्रतज्ज्ञांना ऑक्युलोप्लास्टी तज्ज्ञ म्हणतात. मोठ्या शहरात जाताना त्याच नावाने चौकशी करा.

नजरेला अडथळा असेल तर तो उपचाराचा भाग असतो, निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च सहसा योजनेत बसत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन त्यांना भेटा, तुमची शस्त्रक्रिया यादीत आहे का ते आधीच पाहून घ्या.

शस्त्रक्रिया झेपणार नसेल, तर चष्म्याच्या आत पापणी उचलून धरणारी बारीक तार बसवून घेता येते. काही वृद्धांना तेवढ्यानेही रोजची कामे करता येतात.

डॉक्टरांना भेटाल तेव्हा तीन प्रश्न नक्की विचारा: माझा दोष पापणीच्या स्नायूत आहे, कातडीत की भुवईत? माझ्या स्नायूची ताकद किती मिलिमीटर आहे? आणि शस्त्रक्रियेनंतर माझा डोळा पूर्ण मिटेल का? घरात लहान मूल असेल तर चौथा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा: याची नजर तयार होते आहे का? उतरलेली पापणी पुढे कोणत्याही वयात उचलता येते, पण लहानपणी हरवलेली नजर मोठेपणी क्वचितच परत मिळते.